‘मी मजेत आहे’ यापुढचा प्रश्न



बेळगाव-खानापूरच्या आमच्या या मुलखात असे गाव विरळाच, ज्यातील एखादा तरी मुलगा सैन्यात नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावातच असल्यामुळे लष्कराचा गणवेश आमच्या मुलांच्या लहानपणापासून नजरेसमोर असतो. भरतीचे दिवस जवळ आले की पहाटेच्या अंधारात रस्त्याने धावणारी पोरे आम्ही दरवर्षी पाहतो. जो निवडला जातो त्याच्या घरी पेढे वाटले जातात, त्याच्यासाठी मिस्साबली अर्पण होतो, आणि निघताना आई त्याच्या हाती जपमाळ देऊन त्याच्या कपाळावर क्रुसाची खूण करते.

पुढे घराचा आणि त्याचा संबंध उरतो तो बहुधा फोनवरचा. रविवारी संध्याकाळी फोन येतो. आई विचारते, “जेवलास का रे? थंडी फार आहे का तिकडे?” तो म्हणतो, “मी मजेत आहे गं आई, तू काळजी करू नको.” मग घरची हकीकत सुरू होते. बांधावरून चुलत्यांशी झालेले भांडण, सोसायटीच्या कर्जाचा थकलेला हप्ता, बहिणीच्या लग्नाची बोलणी, सुनेने सासूला दिलेले उत्तर. तो ऐकून घेतो, ‘बघतो’ म्हणतो आणि फोन ठेवतो. पूर्वीच्या पत्रांत ‘इकडील सर्व कुशल आहे’ असे पहिल्याच ओळीत लिहिण्याचा प्रघात होता. पत्रे गेली, फोन आले; पण ती ओळ काही गेली नाही.

त्या ओळीमागे कधीकधी काय दडलेले असते, याविषयी आज आम्हांला लिहावयाचे आहे. विषय जड आहे. मुलाबाळांच्या घरात तो काढूच नये असेही कोणास वाटेल. परंतु हे साप्ताहिक ज्या घरांत वाचले जाते त्यांपैकी कित्येकांची मुले आज सीमेवर आहेत. त्यांच्यासाठी हा विषय काढणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

२०२२ साली राज्यसभेत सरकारने दिलेल्या माहितीनुसार त्याआधीच्या पाच वर्षांत आपल्या तिन्ही सैन्यदलांतील ८१९ जणांनी आत्महत्या केली होती. त्यांपैकी ६४२ जण भूदलातील, १४८ हवाई दलातील आणि २९ नौदलातील होते. म्हणजे वर्षाकाठी सरासरी दीडशेहून अधिक तरुण. ज्यांची छाती मोजून, ज्यांची दौड पाहून, ज्यांची प्रकृती पारखून देशाने निवड केली, असे हे धडधाकट लोक. त्यांच्यापैकी कित्येकांनी अखेरच्या आठवड्यांतही घरी ‘मी मजेत आहे’ असेच सांगितले असेल.

येथे आमच्या स्वतःच्या हातून घडलेली एक चूक सांगणे आम्हांला भाग आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक नाईक महिन्याच्या रजेवर आला होता. रजा संपण्याच्या आधीच्या रविवारी मिस्सा झाल्यावर तो आम्हांला भेटावयास आला. चेहरा उतरलेला होता. आपले मनगटी घड्याळ धाकट्या भावाला देऊन टाकल्याचे त्याने सहज सांगितले. दुकानदाराची जुनी उधारी फेडली होती. आईसाठी मिस्सा अर्पण करावा म्हणून त्याने आमच्या हातावर पैसे ठेवले आणि म्हणाला, “फादर, माझ्यामागे आईकडे लक्ष ठेवा.” ‘माझ्यामागे’ म्हणजे रजा संपवून गेल्यावर, असा आम्ही अर्थ घेतला. त्याच्या पाठीवर हात ठेवून आम्ही म्हणालो, “अरे, तू तर जवान माणूस! असा उदास काय होतोस? देवावर भरवसा ठेव.” त्याने मान हलवली, आशीर्वाद घेतला आणि तो गेला.

देवाची दया अशी की पलटणीत त्याच्याबरोबर राहणारा त्याचा ‘बडी’, कोल्हापूरकडचा एक साधा शिपाई, आमच्यापेक्षा शहाणा निघाला. हा रात्री झोपत नाही, लंगरात जेवावयास बसतो आणि ताट तसेच टाकून उठतो, हे त्याने पाहिले. एका रात्री त्याने सरळ विचारले, “तू जीव द्यायचा विचार करतोयस का?” आमचा हा गडी लहान मुलासारखा रडू लागला. बडीने त्या रात्री त्याला क्षणभर एकटे सोडले नाही. सकाळी सुभेदार साहेबांकडे नेले. तेथून लष्करी रुग्णालयात. काही महिने औषधोपचार झाला. तो पुन्हा कामावर रुजू झाला, मुदत पुरी करून सन्मानाने निवृत्त झाला, आणि आज आपली शेती करतो. त्याच्याच अनुमतीने, नाव न घेता, आम्ही हे लिहीत आहो. निवृत्तीनंतर एकदा तो आम्हांला म्हणाला, “फादर, त्या दिवशी तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. सांगायलाच आलो होतो.”

हे वाक्य आम्ही विसरू शकत नाही. त्याला उपदेशाची उणीव नव्हती. तो त्याने आमच्याकडून भरपूर ऐकला होता. उणीव होती ती एका प्रश्नाची.

आम्ही तो प्रश्न का विचारला नाही? खरे सांगावयाचे तर आमच्या मनात एक भीती होती, आणि तीच आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात असते. असे काही विचारले तर नसलेला विचार त्याच्या डोक्यात शिरेल, अशी ती भीती. या भीतीचा अनेक देशांत शास्त्रशुद्ध अभ्यास झालेला आहे, आणि विचारल्यामुळे असा विचार बळावतो असे दिसून आलेले नाही. उलट, ज्याच्या मनात तो विचार आधीच घर करून बसला आहे, त्याला कोणी शांतपणे विचारले म्हणजे पुष्कळदा हलके वाटते. आपण एकटे नाही, हे त्याला प्रथमच कळते.

जवान आपण होऊन का बोलत नाही, हेही समजून घेतले पाहिजे. सहन करणे हेच त्याला शिकवलेले असते. हिमात उभे राहावे, भूक मारावी, तक्रार करू नये, हा त्याचा धर्म. मनाचे दुखणे सांगितले तर सोबती भित्रा म्हणतील, मेडिकल कॅटेगरी खाली जाईल, बढती अडेल, अशी त्याला धास्ती वाटते. आणि घरी सांगावे, तर घर आपल्याच पगारावर उभे. त्याला आणखी घोर कशाला? अशा रीतीने तो तिन्ही बाजूंनी कोंडला जातो. खिन्नतेचा विकार हा हिवतापासारखाच एक आजार आहे. हिवताप आलेल्या शिपायाला कोणी भित्रा म्हणत नाही. मग मन आजारी पडले म्हणून का म्हणावे?

ही लाज मोडता येते, याचा दाखला अमेरिकेच्या हवाई दलाने घालून दिला आहे. १९९०च्या दशकात तेथील आत्महत्या वाढू लागल्या, तेव्हा १९९६ साली दलप्रमुखांनी स्वतः त्यात लक्ष घातले. मदत मागणे हे शूराला शोभणारे कृत्य आहे, असे त्यांनी वरून खालपर्यंत पुन्हापुन्हा कळवले. प्रत्येक हुद्द्याच्या माणसाला सोबत्याची लक्षणे ओळखावयास शिकवले. ही जबाबदारी एकट्या डॉक्टरांवर न टाकता अधिकारी, पाद्री, समुपदेशक आणि कुटुंबे या सर्वांवर वाटून दिली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, हा उपक्रम सुरू झाल्यानंतरच्या वर्षांत तेथील आत्महत्येचा धोका पूर्वीच्या मानाने सुमारे एक तृतीयांशाने घटला. माणसे तीच होती, कामही तेच होते. बदलली ती एकमेकांकडे पाहण्याची रीत.

दुसरा दाखला इस्राएलच्या सैन्याचा. तेथील तरुण शिपाई आठवड्याच्या सुट्टीला घरी जाताना आपली बंदूक बरोबर नेत असत. २००६ साली, सुट्टीला जाताना शस्त्र तळावरच ठेवावे, असा नियम करण्यात आला. त्यानंतर त्या सैन्यातील आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या. घट झाली ती मुख्यत्वे सुट्टीच्या दिवसांतील. सुट्टीत जे वाचले त्यांनी आठवड्यातील इतर दिवशी जीव दिला, असे काही झाले नाही. याचा अर्थ असा की मरणाची ऊर्मी पुष्कळदा लाटेसारखी येते आणि ओसरते. त्या घटकेला घातक वस्तू हाताशी नसली तर माणूस वाचतो, आणि वाचलेला माणूस पुढे जगू शकतो. ‘ज्याला मरायचे तो मरणारच’ ही आपली जुनी समजूत खोटी आहे.

आपल्या गावांतील घरांत हा धडा कसा गिरवावा? पिकांवर फवारावयाचे औषध आपण पडवीत, कोनाड्यात, कधी तर खाटेखाली ठेवतो. ते कुलपात ठेवावे आणि किल्ली जबाबदार माणसाकडे असावी. निवृत्त झालेले आमचे कित्येक बंधू बँकेत पहारेकरी म्हणून काम करतात आणि त्यांच्या घरी परवान्याची बंदूक असते. घरातील कोणाचेही मन ठिकाणावर नाही असे दिसले, तर ती काही काळ कायदेशीर रीतीने घराबाहेर सुरक्षित जागी सोपवावी. यात कोणाचा अपमान नाही. तापाने फणफणलेल्या माणसाला आपण विहिरीच्या काठावर बसू देतो काय?

आता फोनवरच्या त्या घरच्या हकीकतीकडे वळू. सैनिकांच्या आत्महत्यांची कारणे सांगताना सरकारी उत्तरांत कौटुंबिक तंटे, पती-पत्नीमधील बेबनाव आणि पैशाची अडचण यांचा उल्लेख वारंवार आलेला आहे. हजार मैलांवर पहाऱ्याला उभ्या असलेल्या मुलाला आपण बांधाचे भांडण सांगतो, तेव्हा तो ना ते सोडवू शकतो, ना विसरू शकतो. घरच्या गोष्टी त्याच्यापासून लपवाव्यात असे आम्ही म्हणत नाही. लपवलेले कळले म्हणजे घाव अधिकच खोल जातो. परंतु अडचण सांगताना तिच्यावर घरातील कोण काय करीत आहे, हेही सांगावे. ‘मोजणीचा अर्ज काकांनी दिला आहे, तू रात्री झोप’ असे म्हणता आले पाहिजे. जमिनीच्या तंट्यात जवान आपल्या कमांडिंग ऑफिसरमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे दाद मागू शकतो. जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयाकडे कुटुंबालाही जाता येते. विशेष परिस्थितीत सेवा बजावणाऱ्या सैनिकाविरुद्धचे दिवाणी दावे तहकूब ठेवण्याची तरतूद १९२५ सालच्या एका कायद्यात आहे. गावच्या वकिलाला तिची आठवण करून द्यावी. आणि सासू-सुनेचे म्हणाल तर, आयांनो, सुनेविरुद्धची फिर्याद मुलाच्या कानी घालण्याआधी तो त्या क्षणी बंदूक घेऊन एकटा उभा असेल, एवढे मनात आणा. सुनांनीही तेच मनात आणावे.

लक्षणे कोणती पाहावीत? पूर्वी बोलका असलेला गप्प होतो किंवा उगाच चिडतो. रजेवर येऊनही मित्रांत मिसळत नाही, रात्र रात्र जागतो. दारू वाढते. ‘माझा कोणाला उपयोग नाही’, ‘मी नसलो तर बरे होईल’ असे शब्द तोंडून निघतात. आवडत्या वस्तू वाटून टाकतो, देणी फेडतो, निरवानिरव करतो. आणि कित्येक दिवसांच्या तळमळीनंतर एकाएकी शांत झाला तर ‘सुधारला’ म्हणून निर्धास्त होऊ नये; त्या शांततेची अधिकच काळजी घ्यावी.

असे दिसले म्हणजे त्याला एकांतात घ्यावे, गोठ्यात, शेतावर, कोठेही, आणि विचारावे. “तुला झोप लागत नाही, मी पाहतोय. इतकं असह्य होतं का, की जगू नये असं वाटतं? जीव द्यायचा विचार मनात येतो का?” इतके बोलून गप्प बसावे. उत्तर यावयास वेळ लागेल, तो लागू द्यावा. ‘आईच्या तोंडाकडे बघ’, ‘लोकांना याहून मोठी दुःखे आहेत’, ‘हे पाप आहे’ असे त्या क्षणी बोलू नये. ते सारे त्याने स्वतःला शंभर वेळा ऐकवलेले असते. उत्तर ‘होय’ आले तर घाबरून ओरडू नये, आणि कोणाला सांगणार नाही असे वचनही देऊ नये. त्याला एकटे सोडू नये, धोक्याच्या वस्तू दूर कराव्यात आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तो छावणीत असून फोनवरच असे काही बोलला, तर फोन चालू ठेवावा. घरातील दुसऱ्या माणसाने दुसऱ्या फोनवरून त्याच्या सोबत्याला किंवा सुभेदाराला ताबडतोब कळवावे. त्यासाठी त्याच्या बडीचा आणि कंपनीचा नंबर प्रत्येक घरात भिंतीवर लिहिलेला असावा.

सरकारची ‘टेली-मानस’ ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा एक खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात उघडण्यात आला. हा क्रमांकही त्याच भिंतीवर लिहावा.

निवृत्त होऊन घरी आलेल्यांनाही विसरू नये. चाळिशीच्या आतबाहेर गणवेश उतरतो. पहाटेचा बिगूल नाही, सोबती नाहीत, हुद्दा नाही. मुले अनोळखी झालेली आणि घरातील कारभार त्याच्यावाचून चालावयास शिकलेला. अशा माणसाला धर्मग्रामाने काम द्यावे. सणाची व्यवस्था, मुलांची कवायत, दफनभूमीची देखरेख यांपैकी काहीही. ज्याची कोणीतरी वाट पाहते, त्याला सकाळी उठावेसे वाटते.

धर्मगुरू म्हणून आणखी एक गोष्ट स्पष्ट करणे आम्हांला आवश्यक वाटते. आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्तसभा मातीही देत नाही, असे जुनी माणसे अजून सांगतात. १९१७च्या धर्मसंहितेत, बुद्धिपुरस्सर जीव देणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारण्याचा नियम होता, हे खरे. १९८३च्या धर्मसंहितेत आत्महत्येच्या नावाने तसा नियम उरलेला नाही. जीवन हे देवाचे दान आहे आणि ते आपण संपवू नये, ही शिकवण अढळ आहे. परंतु मनाचा तीव्र विकार, भयंकर व्यथा किंवा भीती यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, आणि अशा जीवाच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असे १९९२च्या धर्मशिक्षणग्रंथात सांगितले आहे. देशाच्या २०१७ सालच्या मानसिक आरोग्य कायद्यातही, असा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले असून, त्याच्या उपचाराचे कर्तव्य सरकारवर टाकले आहे. तेव्हा ज्या घरावर हा आघात झाला असेल, त्या घरी जा. भाकरी घेऊन जा. मागे कुजबुजू नका. त्या आईला, त्या पत्नीला तिच्या मुलाचे, तिच्या पतीचे नाव मोकळेपणाने उच्चारू द्या.

पवित्र शास्त्रात संदेष्टा एलिया याची कथा आहे. कर्मेल डोंगरावर त्याने केवढा विजय मिळवला! आणि त्यानंतर लगेच, राणी ईजबेलच्या धमकीने खचून, तो रानात पळाला आणि एका झुडपाखाली बसून त्याने देवाजवळ मरण मागितले. विजयी वीरही मरण मागू शकतो, हे शास्त्राने लपवले नाही. देवाने त्यावर काय केले? त्याला रागे भरले नाही. दूत पाठवला. दूताने त्याला स्पर्श केला, भाकर आणि पाणी पुढे ठेवले. तो जेवला आणि पुन्हा झोपला. दूताने त्याला पुन्हा उठवले, पुन्हा जेवू घातले, कारण पुढची वाट फार लांब होती. बोलणे नंतर झाले, आणि शेवटी अलीशासारखा सोबती मिळाला. त्या बडीने पलटणीत एका रात्री जे केले, ते याहून वेगळे नव्हते. आम्ही मात्र त्या रविवारी स्पर्श केला आणि प्रश्नावाचून परतलो.

आणखी एका सैनिकाची आठवण देऊन हा लेख पुरा करतो. कफर्णहूम येथील तो शताधिपती शंभर शिपायांवर हुकूम चालवणारा होता. त्याचा चाकर घरी अंथरुणाला खिळून तळमळत होता. तेव्हा आपला हुद्दा बाजूला ठेवून तो प्रभूकडे मदत मागावयास आला, आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. प्रभूनेही त्याच्या विश्वासाची वाखाणणी केली. ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी आपण प्रत्येक मिस्सात आपल्या अयोग्यतेची जी कबुली देतो, ते शब्द मूळचे याच सैनिकाचे. मदत मागणाऱ्या एका शिपायाचे शब्द जगभरचे श्रद्धावंत रोज गुडघे टेकून उच्चारतात.

या रविवारी फोन येईल. तो म्हणेल, “मी मजेत आहे.” त्यावर फोन खाली ठेवू नका. म्हणा, “ते झालं रे. आता खरं सांग, कसा आहेस?” आणि मग ऐका.